विश्लेषण : विमान उतरतानाच वारा घातक का ठरतो? ‘मिस्टर टोर्नेडो’ फुजिता यांनी हे कोडे कसे सोडवले?

न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर २४ जून १९७५ रोजी दुपारी चारच्या सुमारास ईस्टर्न एअरलाइन्सचे बोइंग ७२७ विमान उतरत होते. न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या या विमानात १२४ जण होते. परिसरात गडगडाटी पाऊस होता. धावपट्टी हाकेच्या अंतरावर असताना विमान अचानक खाली खेचले गेले, धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या मनोऱ्यांवर आदळले आणि पेटले. ११३ जणांचा मृत्यू झाला. इंजिने ठीक होती, वैमानिक अनुभवी होते आणि विमानतळावर नोंदलेला वाराही भयंकर वगैरे नव्हता. मग विमानाला खाली कोणी दाबले? या प्रश्नाचे उत्तर शोधले ते शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया थिओडोर फुजिता यांनी. आज विमानाच्या कॉकपिटमध्ये वाजणारा ‘विंड शिअर’चा इशारा हे त्यांच्याच कामाचे फळ. त्यांचे आयुष्य आणि त्यांचा शोध याविषयी…

कोण होते फुजिता?

फुजिता यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी जपानच्या क्युशू बेटावर, आजच्या किताक्युशू शहराच्या परिसरात झाला. मेजी तंत्रमहाविद्यालयातून (आजची क्युशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) त्यांनी १९४३ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेथेच ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी तोवर घेतलेले नव्हते. नकाशे काढणे, मोजमापे घेणे आणि एखाद्या घटनेच्या खुणांवरून ती कशी घडली असेल याचा माग काढणे, ही त्यांची आवड. पुढे जगाने त्यांना ‘मिस्टर टोर्नेडो’ म्हणून ओळखले. टोर्नेडोची तीव्रता एफ-० ते एफ-५ अशी मोजणारी श्रेणी त्यांनी १९७१ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. मात्र सामान्य विमानप्रवाशावर त्यांचे खरे ऋण आहे ते दुसऱ्याच एका शोधासाठी.

अणुबॉम्बच्या राखेत काय दिसले?

९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेच्या दुसऱ्या अणुबॉम्बचे पहिले लक्ष्य नागासाकी नव्हते, तर कोकुरा होते. फुजिता शिकवत असलेले महाविद्यालय कोकुरापासून अवघ्या काही किलोमीटरवर होते. त्या सकाळी शहरावर ढग आणि धूर असल्याने विमानाला लक्ष्य दिसले नाही आणि ते नागासाकीकडे वळले. कोकुरा वाचले, फुजिताही वाचले. काही आठवड्यांनी त्यांनी नागासाकी आणि हिरोशिमा या दोन्ही शहरांत जाऊन पाहणी केली. स्मशानभूमीतील बांबूच्या फुलदाण्यांवर होरपळीचे डाग कोणत्या बाजूला उमटले, याची मोजमापे घेऊन त्यांनी बॉम्ब जमिनीपासून किती उंचीवर फुटला असावा याचे गणित मांडले.

या पाहणीत एक चित्र त्यांच्या मनात ठसले. स्फोट आकाशात झाला होता. त्याचा धक्का वरून सरळ खाली आला आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरला. बरोबर खालच्या भागातील काही झाडे उभीच राहिली होती, तर सभोवतालची झाडे केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी झाली होती. वरून पाहिले तर जणू फुटलेल्या ताऱ्याची किरणे. हा आकार पुढे जवळपास ३० वर्षांनी, हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत त्यांना पुन्हा भेटणार होता.

कचऱ्याच्या टोपलीतून शिकागोपर्यंत कसे पोहोचले?

युद्धानंतरच्या हलाखीच्या काळात फुजिता वादळांकडे वळले. १९४७ मध्ये क्युशूतील सेफुरी पर्वतावरील वेधशाळेत त्यांनी एका गडगडाटी वादळाची बारकाईने निरीक्षणे घेतली. ढगात हवा वर चढते हे सर्वांना ठाऊक होते. पण त्याच ढगातून थंड हवा खालीही कोसळते, असे त्यांच्या नोंदी सांगत होत्या. जपानमध्ये या निष्कर्षाला फारसा उठाव मिळाला नाही.

याच पर्वतावर अमेरिकी लष्कराचे रडार केंद्र होते. तेथील कचऱ्याच्या टोपलीत टाकलेला एक शोधनिबंध फुजिता यांच्या हाती आला. तो शिकागो विद्यापीठाचे प्रा. होरेस बायर्स यांचा होता आणि विषय होता गडगडाटी वादळांचा. बायर्स यांनी अमेरिकेत विमाने, रडार आणि मोठा निधी वापरून वादळांचा अभ्यास केला होता. फुजिता यांनी पगारातील मोठी रक्कम खर्चून इंग्रजी टंकलेखन यंत्र घेतले, आपला निबंध इंग्रजीत उतरवला आणि बायर्स यांना पाठवला. जवळजवळ कोणत्याही साधनांविना हा तरुण आपल्यासारख्याच निष्कर्षाला पोहोचला, हे बायर्स यांनी ओळखले. १९५३ मध्ये टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्यांच्याच निमंत्रणावरून फुजिता शिकागोला गेले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले. १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले.

टोर्नेडोच्या पाहणीत वेगळे काय सापडले?

३ आणि ४ एप्रिल १९७४ रोजी २४ तासांच्या आत अमेरिकेच्या १३ राज्यांत आणि कॅनडात मिळून १४८ टोर्नेडो आले. तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान विमानांतून या विध्वंसाची छायाचित्रे घेतली. टोर्नेडो म्हणजे भोवरा. त्यामुळे त्याच्या वाटेवरची झाडे पिळल्यासारखी, गोलाकार पडतात. पण वेस्ट व्हर्जिनियातील काही जंगलांत फुजिता यांना निराळेच दृश्य दिसले. तेथील झाडे एका मध्यबिंदूपासून चहूकडे बाहेर पडली होती. नागासाकीत पाहिलेला फुटलेला तारा तो हाच.

येथे बॉम्ब फुटला नव्हता. याचा अर्थ ढगातून हवेचाच प्रचंड लोट खाली येऊन आदळला असावा, असा तर्क त्यांनी केला. त्यानंतर वर्षभरातच केनेडी विमानतळावरची दुर्घटना घडली आणि ईस्टर्न एअरलाइन्सच्या सुरक्षा विभागाने कारण शोधण्यासाठी त्यांच्याकडे धाव घेतली.

केनेडी विमानतळाचे कोडे कसे उलगडले?

फुजिता यांनी केवळ कोसळलेल्या विमानाची माहिती पाहिली नाही. त्याच्या आधी आणि नंतर त्याच धावपट्टीकडे आलेल्या विमानांच्या नोंदी त्यांनी मागवल्या आणि प्रत्येक विमानाला कोणत्या क्षणी, कोठे, कसा वारा लागला याचा नकाशा तयार केला. त्यातून चकित करणारी गोष्ट समोर आली. काही मिनिटे आधी एक मालवाहू विमान मोठ्या कसरतीने उतरले होते आणि त्याच्या वैमानिकाने नियंत्रण कक्षाला धोक्याची सूचनाही दिली होती. त्यामागच्या प्रवासी विमानाने उतरणे सोडून पुन्हा आकाश गाठले. त्यानंतरची दोन विमाने मात्र उतरली. मग आलेले बोइंग ७२७ कोसळले.

म्हणजे वादळ तेच, धावपट्टी तीच, पण काही मिनिटांच्या आणि थोड्याशा अंतराच्या फरकाने कोणी तरले, कोणी बुडाले. एवढा लहान आणि अल्पजीवी वारा विमानतळावरील वातमापकाच्या तावडीत सापडणे कठीणच. फुजिता यांनी या घटनेला ‘डाउनबर्स्ट’ असे नाव दिले. त्यातील चार किलोमीटरपेक्षा कमी व्याप्तीच्या प्रकाराला त्यांनी पुढे ‘मायक्रोबर्स्ट’ म्हटले. गंमत अशी, की व्याप्ती जितकी लहान तितका विमानाला धोका अधिक. कारण वाऱ्यातला बदल तितक्याच कमी वेळात होतो.

मायक्रोबर्स्ट तयार कसा होतो?

गडगडाटी ढगातून पावसाचे थेंब किंवा गारा खाली येताना आपल्यासोबत हवाही ओढून आणतात. वाटेत काही थेंबांची वाफ होते, गारा वितळतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. हवा थंड होते, थंड हवा जड असते आणि ती आणखी वेगाने खाली येते. नळाच्या धारेखाली ताट धरले की पाणी मध्यभागी आदळून चहूबाजूंना पसरते, तसाच हा लोट जमिनीवर आदळून पसरतो. महाराष्ट्रात वळवाच्या पावसाआधी अचानक सुटणारा गार, धुळीचा वारा हाही ढगातून खाली आलेल्या थंड हवेचाच असतो. मायक्रोबर्स्ट हे त्याच प्रक्रियेचे एकवटलेले, उग्र रूप. कोरड्या प्रदेशात तर पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधीच विरून जातो. तेव्हा खाली एक थेंबही पडत नाही, मात्र हवेचा लोट आदळतो.

उतरणाऱ्या विमानावर नेमका काय परिणाम होतो?

विमानाला तोलून धरतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग, जमिनीच्या तुलनेतला वेग नव्हे. समजा, एक विमान शांत हवेत ताशी २६० किलोमीटर वेगाने उतरते आहे आणि पंखांची उचल सुटण्याची मर्यादा ताशी २०० किलोमीटरच्या आसपास आहे. विमान मायक्रोबर्स्टच्या कडेला शिरते तेव्हा पसरणारी हवा समोरून येते. तिचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर पंखांवरील हवेचा वेग एकदम ३०० होतो. उचल वाढते आणि विमान ठरलेल्या उतरंडीच्या वर जाऊ लागते. त्याला पुन्हा मार्गावर आणण्यासाठी वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करतो. येथेच सापळा असतो.

पुढच्या काही सेकंदांत विमान मध्यभागी येते आणि वरून कोसळणारी हवा त्याला खाली दाबते. त्याहून पुढे गेल्यावर पसरणारी हवा पाठीमागून लागते. आता पंखांवरील वेग ३०० वरून थेट २२० वर येतो. शक्ती आधीच कमी केलेली असल्याने तो आणखी घसरतो. वैमानिक इंजिनाला पूर्ण शक्ती देतो, पण मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला सहा ते आठ सेकंद लागू शकतात. तीन किलोमीटर रुंदीचा मायक्रोबर्स्ट विमान ४० सेकंदांत पार करते. दहा किलोमीटर उंचीवर हे घडले तर थोडी उंची गमावून विमान सावरेल. जमिनीपासून दोनशे मीटरवर मात्र गमवायला उंचीच नसते.

मग आडवा वारा धोकादायक नाही का?

जोरदार वाऱ्यात विमान तिरके होऊन उतरत असल्याच्या चित्रफिती मोबाइलवर खूप फिरतात. पाहताना छातीत धडकी भरते, पण आडवा वारा एकसारखा असेल तर ते वैमानिकाचे नेहमीचे काम आहे. विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेला वळवून मार्ग सरळ ठेवला जातो आणि चाके टेकताना नाक धावपट्टीच्या रेषेत आणले जाते. आडव्या वाऱ्याच्या मर्यादाही ठरलेल्या असतात. वारा त्यापलीकडे गेला तर दुसरी धावपट्टी किंवा दुसरा विमानतळ गाठला जातो. समोरून येणारा स्थिर वारा तर उपकारकच, कारण त्यामुळे जमिनीच्या तुलनेत वेग कमी राहतो आणि विमान कमी अंतरात थांबते. थोडक्यात, किती जोराचा वारा आहे यापेक्षा तो किती झटकन बदलतो, हे अधिक महत्त्वाचे. वाऱ्याच्या दिशेतील किंवा वेगातील अशा अचानक बदलालाच ‘विंड शिअर’ म्हणतात.

फुजिता यांच्या सिद्धान्ताला विरोध का झाला?

वादळापुढे धावणाऱ्या वाऱ्याची आघाडी हवामानशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होती. केनेडीची दुर्घटना त्यामुळेच झाली असावी आणि फुजिता जुन्याच गोष्टीला नवे नाव देत आहेत, असे अनेकांचे मत होते. खाली येणारी हवा जमिनीजवळ पोहोचेपर्यंत मंदावते, असाही एक आक्षेप होता. फुजिता यांची पद्धतही काहींना खटकत असे. समीकरणांपेक्षा छायाचित्रे, नकाशे आणि पडलेल्या झाडांवर त्यांचा भर असे.

फुजिता यांनी वादापेक्षा पुराव्याचा मार्ग धरला. १९७८ मध्ये शिकागोच्या उपनगरांत ‘निमरॉड’ नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. तीन डॉप्लर रडार आणि वातमापकांचे जाळे उभारण्यात आले. डॉप्लर रडार पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हे सांगते. अगदी थोड्या अंतरात काही थेंब जवळ येताना आणि काही दूर जाताना दिसले, तर तेथे हवा खाली आदळून दुभंगते आहे असा अर्थ. २९ मे १९७८ रोजी पहिला मायक्रोबर्स्ट रडारच्या पडद्यावर पकडला गेला. १९८२ मध्ये डेन्व्हरच्या परिसरात ‘जॉज’ हा दुसरा प्रकल्प झाला आणि शंभराहून अधिक मायक्रोबर्स्ट नोंदले गेले. ही दुर्मीळ घटना नाही, हे त्यातून सिद्ध झाले. याच मोहिमेत, १२ जून १९८२ रोजी ‘मिस्टर टोर्नेडो’ यांनी आयुष्यात प्रथमच प्रत्यक्ष टोर्नेडो पाहिला. तोवर त्यांनी फक्त त्याच्या पाऊलखुणा वाचल्या होत्या.

शोध लागूनही बळी का जात राहिले?

कारण कळले, पण त्याचा इशारा वैमानिकापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा तयार नव्हती. केनेडी दुर्घटनेनंतर अमेरिकी विमानतळांवर सुरुवातीला पाच-सहा वातमापक बसवण्यात आले. दोन वातमापकांच्या मधोमध किंवा विमानतळाच्या हद्दीबाहेर हवा आदळली, तर त्यांना वेळेत पत्ताच लागत नसे. ९ जुलै १९८२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये उड्डाण करणारे पॅन अॅमचे विमान मायक्रोबर्स्टमध्ये सापडले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून १५३ जण दगावले.

१ ऑगस्ट १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे विमान वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर उतरले आणि काही मिनिटांतच तेथे मायक्रोबर्स्ट आदळला. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या घरात गेला. थोडा उशीर झाला असता तर काय घडले असते, या विचाराने सरकारी यंत्रणा हादरली. फुजिता यांनी या घटनेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

तरीही २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्ट वर्थ येथे डेल्टाचे लॉकहीड ट्रायस्टार विमान उतरताना कोसळले. आधी समोरचा वारा, मग खाली दाबणारी हवा, मग पाठीमागचा वारा, हा क्रम केनेडीच्या धड्यातलाच. १३७ जणांचा मृत्यू झाला. विमानतळावरील वातमापकांचा इशारा वाजला तो विमान कोसळल्यानंतर. दहा वर्षे कागदावर असलेले ज्ञान कॉकपिटमध्ये पोहोचलेले नव्हते.

त्यानंतर काय बदलले?

डॅलसच्या दुर्घटनेनंतर चक्रे वेगाने फिरली. वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये मायक्रोबर्स्टचे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. वेग अचानक वाढला तर त्याला भुलू नये, उतरणे सोडून द्यावे, पूर्ण शक्ती द्यावी, नाक वर ठेवावे आणि धोक्यातून बाहेर पडेपर्यंत चाके किंवा पंखांच्या झडपा हलवू नयेत, हे त्याचे सार. १९८८ मध्ये अमेरिकी हवाई नियामकांनी प्रवासी विमानांत विंड शिअरचा इशारा देणारी उपकरणे बंधनकारक केली. ‘नासा’ने बोइंग ७३७ विमान मुद्दाम मायक्रोबर्स्टमध्ये नेऊन पुढचा धोका आधीच ओळखणाऱ्या रडारच्या चाचण्या घेतल्या. १९९० च्या दशकात अमेरिकेतील चाळीसहून अधिक विमानतळांसाठी खास डॉप्लर रडार उभे राहिले. जुलै १९९४ मध्ये शार्लट येथे ३७ जणांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत मायक्रोबर्स्टमुळे प्रवासी विमान कोसळून जीवितहानी झालेली नाही.

प्रवाशांनी काय लक्षात घ्यावे?

पावसाळ्यात मुंबईत किंवा अन्यत्र उतरता उतरता विमान अचानक घोंघावत पुन्हा वर चढते, तेव्हा प्रवासी घाबरतात. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. ती चूक नसते, तर प्रशिक्षणाचा भाग असतो. केनेडी विमानतळावर २४ जून १९७५ रोजी उतरणे सोडून पुन्हा वर गेलेले ते विमान सुखरूप राहिले, हे येथे आठवावे. वादळ पुढे सरकेपर्यंत घिरट्या घालणे किंवा दुसऱ्या शहरात उतरणे यात तास-दोन तास जातात, इतकेच. मायक्रोबर्स्टचा जोर साधारणतः पाच-दहा मिनिटांत ओसरतो.

फुजिता यांचे निधन १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत झाले. ते ७८ वर्षांचे होते. अखेरच्या आजारपणातही त्यांनी नकाशे, आलेख आणि नोंदी सोडल्या नाहीत. त्यांच्या टोर्नेडो श्रेणीची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. मायक्रोबर्स्ट हा त्यांचा शब्द तर वैमानिकांच्या अभ्यासक्रमातच गेला आहे.